गिरजाबाईंची नजर

काशीने कातड्याचा मऊ तुकडा झटकला, कॅमेऱ्यापुढची काच वरून खाली एका हाताने पुसली आणि मागे सरताना उजव्या हातातल्या हिरव्या बांगड्या टेबलाच्या लोखंडी कडेवर हलकेच टेकवल्या. किण् असा आवाज झाला.

स्टुलावर बसलेल्या गिरजाबाईंनी पट्ट्यावरून येणारी पांढरी टाइल उचलली आणि डाव्या बाजूच्या खोक्यात टाकली.

"खराब?" नंदकिशोरने विचारलं.

"केस हाय तिला."

नंदकिशोर कंपनीतला नवा इंजिनिअर. वाशीच्या वसाहतीत राहायचा, वय तिशीच्या आत, बोलणं मऊ. त्याने ती टाइल खोक्यातून काढून दिव्याखाली तिरपी धरली. कोपऱ्यातून आत शिरलेली केसाएवढी चीर त्याला बरंच शोधल्यावर दिसली. त्याने मान हलवली, लोखंडी कपाटावरचं बटण किंचित फिरवलं आणि तीच टाइल पुन्हा कॅमेऱ्याखालून सोडली. या खेपेला कपाटावरचा लाल दिवा लागला.

"जमलं! बघितलंत ना, गिरजाबाई? मघाशी याला ही दिसलीच नव्हती."

"शिकंल हलूहलू," म्हणत गिरजाबाईंनी पदराने कपाळावरचा घाम टिपला.

काशी काचेकडे वळून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते कोणाला दिसू नये एवढीच तिची इच्छा होती.

सत्त्याऐंशी साल होतं. रबाळ्याला तेव्हा स्टेशन नव्हतं, काचेच्या इमारती तर कोणाच्या स्वप्नातही नव्हत्या. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे ओळीने कारखाने. त्यातला हा एक टाइल्सचा. गारगोटी दळायची, माती दळायची, दाबायची, चकाकी चढवून भाजायची. तिथली धूळ अशी की सकाळी काळ्या केसांनी आत गेलेली बाई संध्याकाळी म्हातारी होऊन बाहेर यायची. आसपासच्या गावांतल्या एकूण एक घराच्या मोरीला याच कारखान्याच्या बाद टाइल्स लागलेल्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्या गिरजाबाईंच्या हाताखालून गेलेल्या. आजही त्या दिवसांची आठवण निघाली की काशीच्या जिभेवर पहिली येते ती त्या धुळीची चव. वाईट नव्हती ती. पावसाळ्याआधी शेताच्या बांधावर बसलं की तोंडात यायची तशीच होती.

टाइल निवडायच्या शेडमधे बायका पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बसत. चीर, डाग, तुटका कोपरा दिसला की टाइल उचलायची. ज्या टाइल्सबद्दल दोघींचं जमत नसे त्या शेवटी गिरजाबाईंकडे जात. त्यांनी हात लावला म्हणजे बाद. त्यावर मॅनेजर दिनानाथसाहेबसुद्धा बोलत नसत. बाहेरचे व्यापारी आले की साहेब त्यांना शेडमधे आणून म्हणत, "ही आमची गिरजाबाईंची नजर." गिरजाबाई मान वर करत नसत, पण त्या दिवशी त्यांची चाल बदललेली असे.

मग परदेशातून हे यंत्र आलं. एक कॅमेरा, एक काळापांढरा टीव्ही आणि माणूस मावेल एवढं कपाट. टाइल कॅमेऱ्याखालून गेली की टीव्हीत दिसायची आणि कपाटाने ठरवायचं, चांगली की वाईट. शेडमधे हसण्याचा विषय झाला.

"इतकी वर्सां आमी डोले फोडले," पट्ट्यावरची मालतीबाई म्हणाली, "आता डोलेबी फॉरिनचे आले!"

पण फॉरिनच्या डोळ्याला इथली धूळ सोसेना. दिवसभरात त्याला सगळ्याच टाइल्स डागाळलेल्या दिसायला लागल्या. तेव्हा शेडच्या कोपऱ्यात प्लायवूडची खोली केली, पट्टा आत शिरायच्या फटीला रबराचे पडदे लावले, कॅमेऱ्यापुढे जाड काच बसवली. वाऱ्याच्या नळीने काच साफ करून पाहिली, तर नळीतून हवेबरोबर तेलाचे शिंतोडे आले. शेवटी नंदकिशोर म्हणाला, काच हाताने पुसायला एक बाई द्या. आणि यंत्राला चांगलं-वाईट शिकवायला गिरजाबाई द्या.

काच पुसायला काशी आपणहून पुढे झाली. मालतीबाईने डोळे वटारले, कारण काशीला पट्ट्यावरची जागा सोडायची काही गरज नव्हती. पण काशीला गरज होती. गिरजाबाईंना एकटीला त्या खोलीत पाठवणं म्हणजे त्यांना उघड्यावर पाडणं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

गिरजाबाईंना दिसेनासं झालं होतं. अगदी अंधार नव्हता; माणसं, दारं, पट्ट्यावरची पांढरी हालचाल कळत होती. पण केस गेले होते, डाग गेले होते. काशीच्या ते प्रथम लक्षात आलं कारण ती शेजारी बसायची. भली मोठी चीर गेलेली टाइल एकदा गिरजाबाईंच्या समोरून तशीच निघाली. हाक मारावी तर सगळ्यांना कळेल. दचकून तिचा हात टेबलाच्या कडेवर आपटला, बांगड्या वाजल्या. गिरजाबाईंचा हात थांबला, मागे आला आणि त्याने नेमकी तीच टाइल उचलली.

तेव्हापासून ते सुरू झालं. बांगडी एकदा वाजली तर चीर, दोनदा वाजली तर डाग. दोघी त्याबद्दल कधी एक शब्द बोलल्या नाहीत. गिरजाबाईंना ते नुसतंच कानावर पडतं की त्या जाणूनबुजून ऐकतात, हेही काशीला कळत नव्हतं. विचारायची तिची छाती नव्हती.

गिरजाबाईंनी तिला या कारखान्यात चिकटवलं होतं. नवी असताना काशीच्या हातून खोकीच्या खोकी खराब माल पुढे गेला, तेव्हा साहेबांपुढे उभं राहून "माजी चूक हाय" म्हणाल्या होत्या त्या गिरजाबाईच. आणि आता डोळ्यांचं बाहेर फुटलं तर कंपनी त्यांना निवडीच्या टेबलावर एक दिवस ठेवणार नव्हती. मातीच्या यार्डात तरी पाठवतील, नाही तर घरी.

जेवणाच्या सुट्टीत दोघी भट्टीच्या मागच्या भिंतीच्या सावलीला बसल्या. तांदळाची भाकरी, सुकट, कांदा. गिरजाबाई भाकरीचा तुकडा हातात धरून समोर बघत राहिल्या. समोर कोळशाची राख आणि तुटक्या टाइल्सचा ढीग होता.

"हितं खला होता आमचा," त्या म्हणाल्या. खला म्हणजे झोडणीचं खळं. "भात झोरला का सगली सोन्यावानी दिसायची जमीन. आन् त्या तिकरं, जितं आता आपल्या शेडचा दार हाय ना, तितं खाडीचं पानी यवाचं. चिखलान निवट्या धराला जायचो आमी, मासली ती."

"तुमचीच जमीन ही सगली?"

"शेडच्या दाराशी सरते." त्या हसल्या. "म्हनून तर सायबाला बोललू, मना दुसरीकरं नको टाकू. मी माज्याच शेतान बसतंव."

काशीने कांदा ठेचला. मग धीर करून म्हणाली, "काकी, ठान्याला एक डोल्यांचा डॉक्टर हाय. माज्या सासूला नेलेली आमी. जाऊया का एक दिस?"

गिरजाबाईंचं हसू मावळलं.

"कोनाचे डोले दाखवाला?"

गिरजाबाईंनी डबा बंद केला, झाकण नीट बसलंय का ते अंगठ्याने चाचपलं आणि उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्राने गोंधळ घातला. कॅमेऱ्याखालून जाईल त्या टाइलला लाल दिवा. चांगली असो, वाईट असो, सगळ्या बाद. नंदकिशोरने बटणं फिरवून पाहिली, तारा ओढून पाहिल्या, कपाळावरची धूळ आणि घाम यांचा चिखल करून घेतला. शेवटी टीव्हीकडे निरखून बघताना त्याच्या लक्षात आलं, की प्रत्येक टाइलवर एकच चीर आहे, त्याच जागी. तो कॅमेऱ्यापुढच्या काचेपाशी गेला. काचेवर नखाएवढा ओरखडा होता.

त्याने काशीच्या हाताकडे पाहिलं.

"बांगड्यांनी पडलाय," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "काच बदलतो मी. पण ताई, पुसताना बांगड्या..."

तो थांबला. काशीने मनगट पदराखाली घेतलं होतं. गोटीराम, तिचा नवरा, डोंगरातल्या खाणीत सुरुंगाच्या कामावर होता. सकाळी सुरुंग उडाला की अख्ख्या गावातल्या बायका क्षणभर हातातलं काम थांबवायच्या. नुसत्या मनगटाने घराबाहेर पडायचं तिच्या मनातही आलं नसतं.

"नाही, काढू नका," नंदकिशोर घाईने म्हणाला. "मी दापोलीचा. माझ्या आईनेही काढल्या नसत्या." त्याने खिशातून धुतलेला रुमाल काढला. "हा वरून गुंडाळा घट्ट. काचेला लागणार नाहीत."

इतका सरळ माणूस, आणि त्याच्या चांगुलपणानेच काशीच्या बांगड्या मुक्या होणार होत्या.

"द्या हिकरं," गिरजाबाई म्हणाल्या.

त्यांनी रुमाल घेतला, काशीचा हात आपल्या मांडीवर ओढला. रुमाल बांधायच्या आधी त्यांची बोटं बांगड्यांवरून फिरली, एकेक करत, जणू त्या कोणत्या कासाराकडच्या आहेत ते बघत असाव्यात. मग त्यांनी तीन वेढे दिले आणि गाठ मारली. काशीने हात हलवून पाहिला. आतल्या आत काही तरी दबकं खुळखुळलं, ते पट्ट्याच्या घरघरीत कोणालाच ऐकू गेलं नसतं.

नवी काच बसली. पट्टा सुरू झाला.

पहिल्या टाइल्स चांगल्याच होत्या. गिरजाबाईंनी त्या जाऊ दिल्या, दिवा लागला नाही, नंदकिशोर खूश. मग एक आली कोपऱ्यापासून मधोमध तडकलेली. काशीने हात टेबलावर आपटला. रुमालाचा नुसता धप्प आवाज झाला. टाइल गिरजाबाईंसमोरून सरकून चांगल्यांच्या खोक्यात गेली.

त्याच वेळी कपाटावरचा लाल दिवा लागला होता.

"ही चांगली ना, गिरजाबाई?"

गिरजाबाईंनी क्षणभर वाट पाहिली. "चांगली," त्या म्हणाल्या.

"मग हे उगाच ओरडतंय." नंदकिशोरने टाइल उजेडात धरून पाहिलीसुद्धा नाही. काल दिवसभर त्याने प्रत्येक टाइल दिव्याखाली धरून पाहिली होती आणि गिरजाबाई एकदाही चुकल्या नव्हत्या. आता त्याचा विश्वास बसला होता. त्याने बटण मागे फिरवलं. तडकलेली टाइल पुन्हा कॅमेऱ्याखालून गेली आणि दिवा विझलेलाच राहिला.

काशी खोकली. मग एक डागाची आली, तेव्हा दोनदा खोकली.

"पानी पी गो," गिरजाबाई म्हणाल्या. "धूल गेली का घशात?"

डागाची टाइल चांगल्यांत गेली. बटण आणखी मागे गेलं. ओरडून सांगावं तर गिरजाबाई संपल्या. न सांगावं तर खोक्यामागून खोकी खराब माल बाहेर जाणार, आणि आज ना उद्या तो कोणाच्या नजरेने गेला हे निघणारच. तिने रुमालाच्या गाठीत बोट घातलं. गाठ गिरजाबाईंनी मारलेली होती, एका हाताने सुटणारी नव्हती.

बटणाचा बारीक खरखर आवाज पुन्हा झाला तसं गिरजाबाईंनी मान वळवली.

"सायेब, तुमी घडीघडी काय फिरवताव?"

"तुमचं म्हणणं ऐकवतोय त्याला." नंदकिशोर हसला. त्याला हे कधीचं सांगायचं असावं. "तुम्ही चांगली म्हटलीत की चांगली, वाईट म्हटलीत की वाईट. आम्ही इंजिनिअर लोकांनी काय शिकवायचं याला? हे तुमच्यासारखं बघणार. एकदा लावून झालं की बटणं सील करून टाकायची. उद्या तुम्ही रिटायर झालात, मी दुसरीकडे गेलो, तरी या शेडमधे तुमचीच नजर राहील. कायमची."

पट्टा चालत होता. टाइल्स येत होत्या, जात होत्या. गिरजाबाईंचे हात मांडीवर होते.

"कायमची?" त्यांनी विचारलं.

"हो तर."

व्यापाऱ्यांनी कौतुक केलं की ज्या गालांवर हसू फुटायचं, ते गाल आत ओढल्यासारखे झाले होते. त्यांनी एकदा पट्ट्याकडे पाहिलं, एकदा रबरी पडद्याच्या फटीतून दिसणाऱ्या शेडच्या दाराकडे, जिथे त्यांची जमीन सरत होती. मग स्टूल मागे सारून त्या उभ्या राहिल्या.

"बंद करा, सायेब."

"काय झालं?"

"हिच्या हातावरचा रुमाल सोरा. त्याबिगर मना दिसत नाय."

नंदकिशोर त्यांच्याकडे बघत राहिला. मग काशीकडे. काशीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते पुसायला तिने तोच हात वर नेला होता. रुमालात गुंडाळलेल्या त्या हाताकडे बघता बघता त्याला कालचा किण् किण् आवाज आठवला असावा. त्याने वाकून पट्ट्याचा खटका बंद केला. घरघर थांबली. बाहेरच्या शेडमधून बायकांच्या बोलण्याचा आवाज आत आला, कोणी तरी मालतीबाईला चिडवत होतं.

त्याने चांगल्यांच्या खोक्यातून वरच्या टाइल्स काढल्या आणि दिव्याखाली धरल्या. एक, मग दुसरी. खाली ठेवताना त्यांचा आवाज होऊ नये अशी काळजी घेतली.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"हिला इचारा," गिरजाबाई म्हणाल्या. "तिलाच ठावं."

"काकी..." काशी म्हणाली. म्हणजे ऐकत होत्या. इतके दिवस प्रत्येक वेळी ऐकत होत्या, आणि तरी त्या मानी बाईने ते निभावलं, आपल्यालाही निभावू दिलं. काशीला त्यांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं.

"मला साहेबांना सांगावं लागेल," नंदकिशोर खालच्या आवाजात म्हणाला.

"सांगा की. जं हाय तं सांगा. माजा हात धरून बसवलीव का तुमी हितं?" गिरजाबाईंनी काशीचा हात ओढून घेतला आणि दातांनी रुमालाची गाठ सोडवली. बांगड्या मोकळ्या झाल्या. "पन याला माजी नजर नका लावू. माज्या जाग्यावर आंधलं बसवू नका. ही पोर बसंल. मी शिकवलीय हिला."

नंदकिशोरने कपाटाकडे जाऊन सगळी बटणं एकेक करत मागे नेली.

"पहिल्यापासून लावावं लागेल," तो म्हणाला. "आणि काच?"

"काच पुसाला मी हाय ना." गिरजाबाईंनी कातड्याचा तुकडा उचलला. डाव्या हाताचं बोट काचेवर टेकवून त्यांनी खालपर्यंत ओढलं, अंगठ्यावर चोळलं. "ही बगा बसली. धूल बोटाला कलते. त्याला डोले नको. तुमच्या सायबाला पटंल तवर पुसतंव, नाय पटलं तर जाईन घरी. जवलच हाय."

त्या काच पुसू लागल्या. वरून खाली, एका हाताने. काशीने पाहिलं, त्यांच्या उजव्या मनगटात काहीच नव्हतं. किती तरी वर्षं नव्हतं. नवरा गेल्यावर उतरवलेल्या बांगड्या त्यांनी पुन्हा भरल्या नव्हत्या.

"बस ना गो. काय बगतंस?"

काशी स्टुलावर बसली. स्टूल अजून गरम होतं. नंदकिशोरने खटका ओढला, पट्टा हलला आणि पांढऱ्या टाइल्स येऊ लागल्या. चांगली. चांगली. चांगली. दिव्याच्या उजेडात त्या ओल्या शेतासारख्या चमकत होत्या, आणि या उजेडात गिरजाबाईंना त्या कशा दिसत असतील हा विचार काशीच्या मनातून जाईना.

मग चिरेची आली. अगदी बारीक, कोपऱ्यातून आत शिरलेली. काशीने ती लांबूनच ओळखली आणि तिचा हात सवयीने टेबलाच्या कडेवर गेला.

किण्.

टाइल तशीच पुढे निघाली. नंदकिशोर बटणावर हात ठेवून थांबला होता. काचेवरचा गिरजाबाईंचा हातही थांबला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"आता कोनाला सांगतंस, पोरी?" त्या म्हणाल्या. "उचल."